वगळलेल्या फळ्या

वसंता तांडेलाची होडी सखाराम मेस्तांच्या हातून बुडली नाही. ती माझ्यामुळे बुडली.

हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. बोललो तर कुणाजवळच नाही. बायकोला माझी झोप ठाऊक आहे, तिचं कारण ठाऊक नाही. वरची वाक्यं लिहून मी उठलो आणि पुढच्या दाराला कडी घातली. घरात कुणी नाही. भाऊ बाजारात गेला आहे. कडी कुणासाठी घातली ते मला सांगता येणार नाही.

बाहेर श्रावण आहे. एक सर येते, जाते, मग असं ऊन पडतं की ओल्या कौलांतून वाफ निघते. त्या उन्हाबरोबर दांडीच्या किनाऱ्यावरून वास येतो. जेठात वर ओढून ठेवलेल्या होड्यांवरच्या झावळ्या माणसं या उघडिपीत बाजूला सारतात, बुडं खरवडतात, सांध्यांत नवा दोरा ठोकतात आणि माशाचं तेल आणि राळ मडक्यात गरम करून लाकडाला पाजतात. पाजतात हाच शब्द आमच्याकडचा. लाकूड पितं. बाहेरगावचा माणूस या वासाने नाक दाबून पळेल. मालवणात वाढलेल्या माणसाला या वासाने नारळी पुनव जवळ आल्याचं कळतं. आता समुद्र उघडणार, पुन्हा ताजी मासळी, पुन्हा हातात काम. सगळा गाव या वासाने उल्हसित होतो. मी खिडक्या लावून घेतो. गेली कित्येक वर्षं श्रावणात गावी येणं मी टाळत आलो. या वर्षी आईचं वर्षश्राद्ध श्रावणातच आलं, टाळता आलं नाही.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातल्या मधल्या वर्षांतली गोष्ट. काजूच्या कारखान्यांतून टरफलं फुकट जायची, नाहीतर चुलीत. त्या टरफलांत एक काळं, जहाल तेल असतं. हाताला लागलं तर कातडी सोलून निघते. काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांकडे पाहिलंत तर वेगळं सांगायला नको. मालवणच्या बाहेर एका शेठजींनी ते तेल काढायची भट्टी टाकली होती आणि पिंपं भरून मुंबईला पाठवत होते. शेठजी महत्त्वाकांक्षी, पण माणूस सरळ. त्यांच्या मनात आलं, कच्चं तेल का विकायचं? त्याचा पक्का माल का करू नये? लाकडाला एकदा लावला की दोन-तीन वर्षं पाणी आत शिरू देणार नाही असा लेप. आज होड्यांना, उद्या गोदीतल्या लाकडाला, परवा गिरण्यांतल्या टाक्यांना. त्यासाठी त्यांनी मला नोकरीला ठेवलं. मी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेला, गावातला, बिनलग्नाचा, आणि स्वतःबद्दल फार बरं मत असलेला.

त्यांनी मला मुंबईला एका अभ्यासक्रमाला पाठवलं. मालाचा दर्जा कसा राखायचा आणि कसा वाढवायचा, याचं नवं शास्त्र तेव्हा आपल्याकडे येत होतं. आमचे शिक्षक एक शांत बंगाली गृहस्थ होते. ते म्हणायचे, माल चांगला की वाईट हे शेवटी तपासून काय उपयोग? घडताना बघा. प्रत्येक घाण्यातले नमुने घ्या, मोजा, आलेखावर ठिपका द्या. ठिपक्यांची सरासरी काढा, त्यांचा पसारा काढा, वर-खाली दोन तांबड्या रेषा आखा. ठिपके रेषांच्या आत नाचत असले तर नाचू द्या, तो मालाचा स्वभाव. एखादा रेषेबाहेर उडाला तर थांबा आणि कारण शोधा. कारण सापडलं, आणि ते नेहमीचं नसलं, तर तो ठिपका वगळा आणि रेषा नव्याने आखा.

हे ऐकताना मला जे झालं त्याला मी प्रेमच म्हणेन. आमच्या गावात सगळं अदमासाने चालायचं. तेल किती? तर ‘जरा’. तापवायचं किती? तर ‘धूर बदलता थंयसर’. या सगळ्या जरा-मरामधून मला कुणीतरी हात धरून बाहेर काढत होतं. परत येताना बोटीच्या डेकवर मी आलेखाच्या कागदाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसलो होतो. समुद्राकडे एकदाही पाहिलं नसेन.

भट्टीमागे शेतीची अवजारं ठेवायचा एक मांगर होता. ती माझी प्रयोगशाळा. कढईत तेल आटवायचं, त्यात राळ घालायची. एका खेपेला फक्त ताप बदलायचा, दुसऱ्या खेपेला फक्त वेळ, तिसऱ्या खेपेला राळेचं प्रमाण. धुराने डोळे असे झोंबायचे की बाहेर येऊन विहिरीवर तोंड धुतल्याशिवाय दिसत नसे. प्रत्येक घाण्याचा लेप लाकडाच्या हातभर फळ्यांना लावायचा, सुकवायचा, मग त्या फळ्या दोरीत ओवून कोळंबच्या खाडीत सोडायच्या. काही आठवड्यांनी वर काढून खिळ्याने ओरखडे मारायचे, वजन करून किती पाणी प्याल्या ते बघायचं.

फळ्या पुरवत होते सखाराम मेस्त. मालवणातले होड्यांचे सुतार. उंच, किरकोळ, अखंड बोलणारे, तंबाखूने ओठ रंगलेले. स्वतःच्या कामाची त्यांना भारी घमेंड. आपण बांधलेली होडी दिसली की कोण सोबत आहे याचा विचार न करता उभे राहायचे आणि म्हणायचे, “बघलंस? ती चलता कशी बघ. बायल जशी पाण्याक जाता.” त्यांची बायको जवळ असली तर म्हणायची, “घरच्या बायलेकडे कधी बघशात काय?” आणि मेस्त म्हणायचे, “तुका मी बांधूक नाय गो.”

मला वाटलं होतं हा जुना माणूस माझ्या लेपाला नाक मुरडेल. उलटंच झालं. वैशाखातल्या फळ्या खाडीतून निघाल्या तेव्हा मेस्त मांगरात होते. काळ्या, गुळगुळीत, तोंड दिसेल अशा. खिळा मारला तर खिळा घसरत होता. मेस्तांनी एक फळी उचलली, नखाने टिचकी मारली, कानाशी धरून पुन्हा मारली.

“रे झिला,” ते म्हणाले, “ह्या काय केलंस तू? ही तर काचेची झाली!”

“आवडली?”

“आवडली? अरे, सगळो जलम त्या कुजक्या तेलात हात घालून गेलो माझो. माझी बायल माका हातभर लांब निजयता.”

आणि ते हसले. त्या हसण्यावर माझा जीव होता. मुंबईतल्या शिक्षकांनी शाबासकी दिली असती तरी मला एवढं बरं वाटलं नसतं.

मग पाऊस लागला. भट्टी चालूच होती, मीही थांबलो नाही. आषाढात लेप लावलेल्या फळ्या मी त्याच पद्धतीने सुकवल्या, मांगरात, कौलांखाली. सुकल्यासारख्या दिसल्या. चकाकत होत्या. खाडीतून काढल्या तेव्हा वरून चकाकतच होत्या, पण बोट फिरवलं की खाली बारीक बारीक फुगे लागत होते, गोवर उठलेल्या पोराच्या पाठीसारखे. एक फुगा सुरीने उघडला. आत ओल. लाकडातली ओल लेपाने आतच कोंडून ठेवली होती, आणि एक फुगा फुटला होता तिथून खाऱ्या पाण्यातल्या किड्याने वाट काढली होती. हा किडा लाकूड बाहेरून खात नाही. एकदा आत शिरला की आतल्या आत पोखरत जातो. वरची फळी शाबूत दिसते.

त्या फळ्यांचे ठिपके तांबड्या रेषांच्या पार बाहेर गेले. मी थांबलो आणि कारण शोधलं. कारण शोधायला वेळ लागला नाही. पाऊस.

इथे मी जे केलं ते शास्त्राला धरून केलं, आणि हेच मला सगळ्यांत जड जातं. नियम मोडला असता तर बरं वाटलं असतं. कारण सापडलं होतं. नेहमीपेक्षा वेगळं होतं. वैशाखात नव्हतं, आषाढात होतं. मी ते ठिपके वगळले, रेषा नव्याने आखल्या, आणि आलेख असा देखणा झाला की शेठजींनी तो भिंतीला लावला.

शेठजींनी विचारलं होतं, “आणि हे बाकीचे? फुगेवाले?”

“पावसाने झालेत. कारण कळलंय. वगळता येतात.”

“मग वगळा,” ते म्हणाले. त्यांचा काही दोष नाही. त्यांनी माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवला.

मुंबईतल्या वर्गात शिक्षकांनी दिलेली उदाहरणं अशी होती: वीज गेली, कामगार नवा होता, कच्चा माल दुसऱ्याच गाडीतून आला. अवचित घडणाऱ्या गोष्टी. मालवणात पाऊस अवचित आहे का? उन्हाळ्यात आमच्या होड्या पाण्यात असतात. त्यांना वर ओढून, खरवडून, तेल पाजून तयार करायचं ते पावसातच, त्या चार उघडिपींत, लाकूड ओलं असतानाच. दुसरा वेळच नसतो. मुंबईच्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नाही. मी तर दांडीच्या वाळूत लहानाचा मोठा झालो. या वासात झालो. मला ठाऊक होतं. ‘लक्षात आलं नाही’ असं लिहायला हात शिवशिवतो आहे, पण ते खोटं आहे. ठिपके वगळताना एक क्षण माझी पेन्सिल थांबली होती. मग मी स्वतःला सांगितलं की होड्यांचं नंतर बघू.

नंतर वसंता आला.

वसंता माझ्या वर्गातला. सातवीनंतर तो होडीवर गेला, मी कोल्हापूरला शिकायला. बापामागे होडी त्याची झाली, आणि आदल्याच वर्षी तिच्या बुडाची एक फळी मेस्तांनी बदलली होती. लग्न होऊन वर्ष झालेलं, सुलोचनेला दिवस गेलेले. एकदा मांगराच्या दारात उभा राहून तो म्हणाला, “काय सायन्सवाल्या, मेस्त सांगतत तुझ्याकडे कायतरी जादू आसा म्हणान. गावच्या देवाक पैलो नैवेद्य, आणि गावच्या होडयेक पैलो लेप. की मुंबयच्या शेठांकच देतलंस?”

“तुझ्या होडयेक लावूया,” मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो.

त्या श्रावणातली ती दुपार मला अजून वासासकट आठवते. सर पडून गेलेली, वाळूवर खेकड्यांची नक्षी, किल्ल्याच्या तटामागे काळं आभाळ पुन्हा जमत असलेलं. मेस्त आडवे झोपून बुडाला ब्रश मारत होते. वसंता मडकं धरून उभा. सुलोचना डोक्यावर इरलं घेऊन चहा घेऊन आली आणि काळी चकचकीत होडी बघून म्हणाली, “अगो बाय! माझ्या लग्नात माका इतक्या नटवक नाय हेंनी.” वसंता लाजला. मेस्त होडीखालून ओरडले, “तुका सुतारान नटवली नाय, म्हणान!” मीही हसलो. हसता हसता बुडाच्या फळीवर हात ठेवला. फळी गार होती. ओली नव्हती, निथळत नव्हती. पण गार होती, आणि ओलं लाकूडच तसं गार लागतं. मी हात काढून घेतला.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. होडी हलकी पळते, पाणी धरत नाही, म्हणून माणसं बघायला यायची. वसंताला मुलगी झाली. मेस्त बाजारात माझ्या नावाने मिरवायचे. त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेल्या होड्यांबद्दल बोलणं जरा कमी केलं आणि माझ्या लेपाबद्दल जास्त.

दुसऱ्या श्रावणात होडी पुन्हा वाळूवर आली. मेस्त फावडी घेऊन आले. दर वर्षी बूड खरवडायचं ही इथली रीतच. खरवडून लाकूड उघडं करायचं, नजरेने नि नखाने बघायचं, मग पुन्हा तेल.

“खरवडतंय,” मेस्त म्हणाले.

“नको,” मी म्हणालो. “मेस्त्रीनू, खरवडलात तर दोन वर्षं टिकता की नाय ता कळतला कसा? लेप अखंड रवाक होयो.”

“अरे, पण बघूक नको? आत काय आसा ता?”

“आत काय नसतला. बघा, वाजवून बघा.”

मी हे का म्हणालो? निकाल हवा होता म्हणून. दोन वर्षं टिकलेली होडी दाखवली की शेठजी गोदीतल्या लोकांना माल दाखवणार होते. आणि दुसरं कारणही होतं. खरवडलं तर काय दिसेल याची मला भीती होती. दोन्ही खरी आहेत. त्यांतलं कुठलं मोठं ते मला आज, केस पांढरे झाल्यावरही, ठरवता येत नाही.

मेस्तांनी फावडी खाली ठेवली. लाकडी हातोडी घेऊन त्यांनी होडीचं बूड पुढून मागे ठोकत नेलं, दर वर्षी ठोकत तसंच. लाकूड कुजलं की आवाज भदभदीत येतो, हे त्यांना बापाने शिकवलेलं. पण माझा लेप कडक होता. सगळीकडे सारखाच आवाज आला, टणटण, टणटण. मेस्तांचा चेहरा उजळला.

“घंटेसारखी वाजता!” ते वसंताला म्हणाले. “जा तू. काय्येक भियाचा नाय.”

नारळी पुनवेला वसंताने नारळ सोडला. मी किनाऱ्यावर होतो. पुनवेनंतरही इथला समुद्र काही दिवस रागावलेलाच असतो, पण महिनोन् महिने हात बांधून बसलेली माणसं थांबत नाहीत.

होडी किल्ल्याच्या पलीकडे गेली असताना बुडातून पाणी आलं. बरोबरच्या माणसांनी नंतर सांगितलं की थेंब थेंब आलंच नाही. पायाखालची फळी बसली आणि पाणी एकदम उभं राहिलं. ती माणसं वल्ह्यांना धरून तरली. वसंता पाणी उपसत राहिला. त्यांनी हाका मारल्या, उडी टाक म्हणाले. तो उपसतच राहिला. होडी बापाची होती.

देह देवबागच्या बाजूला मिळाला. होडीचा अर्धा भाग आमच्याच किनाऱ्याला आला.

तो दिवस सांगायचा म्हणून तर हे सगळं लिहायला बसलो, आणि आता वाक्यं पुढे सरत नाहीत. पाऊस भुरभुरत होता. माणसं गोल करून उभी. मधे ती बुडाची फळी. बाहेरच्या बाजूने काळी, सुंदर, जशीच्या तशी चकाकणारी. मोडलेल्या कडेला आतलं लाकूड दिसत होतं, मधाच्या पोळ्यासारखं. मला पाहिल्या क्षणी कळलं. फुगे दिसले. माझ्या मांगरातल्या फळ्यांवरचे, मी वगळलेले, तेच.

वसंताचा चुलता म्हणाला, “मेस्तान लाकूड कच्चा घातल्यान. ओली फळी घातल्यान.”

कुणीतरी म्हणालं, “वाजवन बघल्यान मा? कान फुटले काय तेचे?”

सगळे मेस्तांकडे बघू लागले. त्यांनी ती फळी उचलली, उलटी केली, अंगठा त्या पोकळीत घातला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलणार: ‘ह्यो खरवडूक नको म्हणालो.’ मी वाट बघत होतो. खरंच सांगतो, ते बोलले असते तर मी नाही म्हटलं नसतं. पण त्यांच्या मनात तसं काही नव्हतंच. ते माझ्याकडे कीव मागितल्यासारखे बघत होते.

“आसतला,” ते म्हणाले. “माझ्याच हातसून झाला आसतला. फळी सुकी म्हणान घातलय मी. पण आसतला.”

मी छत्री धरून उभा होतो. जीभ टाळ्याला चिकटली वगैरे काही झालं नाही. जीभ मोकळी होती. शब्दही तयार होते, अगदी थोडे. मी ते बोललो नाही. छत्री या हातातून त्या हातात घेतली.

त्यानंतर मेस्तांना कुणी होडी दिली नाही. ज्या होड्या त्यांनी बांधल्या होत्या त्यांची बुडं माणसांनी दुसऱ्या सुताराकडून तपासून घेतली. सुलोचना बाळंतपणातून उठून जेमतेम काही महिने झाले होते. तान्ही पोर काखेत घेऊन ती मेस्तांच्या अंगणात जाऊन उभी राहिली आणि उभीच राहिली, तिन्हीसांजेपर्यंत. मेस्तांची बायको रडत तिला आत बोलवत होती. मेस्त आत भिंतीकडे तोंड करून बसले होते. हे मला माझ्या आईने सांगितलं, जेवताना, वाढता वाढता. मी जेवलो.

पुढच्या वर्षी मेस्त घर बंद करून फोंड्याला, लेकीच्या गावी गेले. फोंडा घाटाच्या पायथ्याचं, कोल्हापूरच्या वाटेवरचं गाव. तिथून समुद्र दिसत नाही.

आणि माल? माल सुधारला. हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. वसंता गेल्यावर मी मांगरात गेलो, पावसातल्या सगळ्या फळ्या पुन्हा मोजणीत घेतल्या, रेषा खऱ्या जागी आखल्या. त्या रेषांनी स्पष्ट सांगितलं की ओल्या लाकडाला हा लेप चालायचा नाही; कोरड्या जागी, बंद भट्टीत सुकवला तर मात्र याच्यासारखा नाही. त्यावरून पुढे आम्ही टाक्यांचं अस्तर बनवलं. मग कोल्हापूरच्या ओतशाळांसाठी, साच्याची वाळू धरून ठेवणारं बंधक. वाळू फोंड्याचीच, तेल आमचं. तो माल आजही जातो. मला बढती मिळाली, कोल्हापूरला घर मिळालं. आमच्या धंद्यात वाईट नमुना वाया जात नाही, त्यातूनच पुढचा चांगला निघतो, हे मी नव्या मुलांना शिकवतो. सांगतो, “एका ठिकाणी एक होडी बुडली होती, कारण कुणीतरी नकोसे ठिपके वगळले.” मुलं मान हलवतात. एकाने एकदा विचारलं, “कुणी, सर?” मी म्हणालो, “ते महत्त्वाचं नाही.” दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवायला गेलो.

परवा बाजारात सुलोचनेकडून सुके बांगडे घेतले. तिच्याकडून न घेता पुढे जाण्याची माझी छाती नाही आणि घेण्याचीही नाही. ती आता जाड झाली आहे, आवाज बाजारी झाला आहे. मला बघून ओरडली, “भावजींनू! येवा, येवा! कोल्हापुरात काय खातत? बटाटे?” वाटा बांधून झाल्यावर वर आणखी दोन बांगडे टाकले.

“कित्याक गो?”

“ऱ्हवांदेत. तुमी हेंचे दोस्त. दुसरो कोण इचारता आता.” मग पुड्याला दोरा गुंडाळता गुंडाळता, जणू पावसापाण्याचं बोलावं तसं, म्हणाली, “तो मेस्त अजून जित्तो आसा म्हणतत फोंड्याक. देवाक डोळे नाय.”

मी पुडा घेतला. “येतंय,” म्हणालो.

फोंड्याला कोल्हापूरची गाडी घाट चढण्याआधी थांबते. सगळे चहाला उतरतात. स्टँडाच्या पलीकडेच मेस्तांची पडवी आहे. ते आता बैलगाड्यांची कामं करतात, दारं-चौकटी करतात. मी कधी उतरत नाही. चहा खिडकीतून मागवतो, पेपर तोंडासमोर धरतो. मागे एकदा पेपर खाली केला तर मेस्त खिडकीशी उभे. दात गेलेले, गालफडं बसलेली.

“झिला!” ते म्हणाले. “बरो आसस मा? मी कधीचो बघतंय, ह्यो आपलोच.”

“बरो आसय, मेस्त्रीनू. तुमी?”

“माझा काय, चाकां करतंय. चाक बुडणा नाय.” हसले. मग हसू गेलं आणि त्यांनी खिडकीचा गज धरला. “तुका एक इचारुचा होता. तू शिकलेलो मनीस. ती फळी रे, वसंताची. माका आजून समाजणा नाय. मी ती एक उन्हाळो सुकवलेली. एक अख्खो उन्हाळो. मग ओली रवली कशी? तुका काय वाटता? माझ्याच हातसून चूक झाली मा?”

कंडक्टरने घंटा दिली होती. ड्रायव्हर चढत होता. एक वाक्य बोलायला पुरेसा वेळ होता. मी तो वेळ आजही मोजू शकतो.

“आता कित्याक ता, मेस्त्रीनू,” मी म्हणालो. “झाला ता झाला.”

“व्हय,” ते म्हणाले. “व्हय म्हणा.” गज सोडला. गाडी निघाली. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही, आणि वळणानंतर पाहून उपयोग नव्हता.

माणूस इतकी वर्षं आपल्या हातांवर संशय घेऊन जगतो आहे. त्या हातांनी चूक केलेली नाही हे ठाऊक असलेला मी एकटाच. शेठजी वारले. मांगर पडला.

हा लेख छापून येईल, कुणी वाचेल, कुणी पत्रही लिहील की मोठं धाडस केलंत. धाडस कसलं? सखाराम मेस्तांना वाचता येत नाही. सुलोचनेलाही येत नाही. ज्यांना सांगायचं त्या दोघांपर्यंत यातलं एक अक्षर पोचणार नाही, आणि हे लिहायला बसताना मला ते माहीत होतं.

मी मेस्तांचं एवढं देणं लागतो: सुलोचनेला घेऊन फोंड्याच्या स्टँडावर उतरायचं, आणि तिच्यासमोर त्यांना सांगायचं, तुमची फळी सुकी होती, लेप माझा होता, तो पावसात फुगतो हे मला माहीत होतं, आणि खरवडायला मीच नको म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.